बोट कुठे कुठे थांबते?

पुण्याला समुद्र नाही. तरी दिवाळी संपली की पुण्यातल्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर हमखास कुणीतरी क्रूझची जाहिरात टाकतं. निळं पाणी, पांढरी बोट, डेकवर आडवं पडलेलं एक जोडपं. लगेच प्रश्न सुरू होतात. किती रात्रींची? जेवण धरून का? खोलीला खिडकी आहे का? मग कुणीतरी म्हणतं, मोठ्या बोटीवर नुसती जत्रा असते, आपण लहान बोट बघू, निवांत. तिथे गाडी अडते, कारण मुंबईहून सुटणारी, कोकणच्या किनाऱ्याने रमतगमत जाणारी, चार बंदरांना लागणारी लहान बोट आज शोधून सापडत नाही.

अशी बोट होती. शंभराहून अधिक वर्षं होती. ती सुट्टीसाठी नव्हती, एवढाच फरक.

पण आधी पुण्यातल्या पाण्याबद्दल. सारसबागेत तुम्ही गेला असाल. तळ्यातला गणपती म्हणतात, पण आता तिथे तळं म्हणावं असं फारसं काही नाही. एकेकाळी ते खरोखरचं मोठं तळं होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० नंतरच्या वर्षांत, पर्वतीच्या पायथ्याशी ते बांधून घेतलं गेलं आणि मधे एक बेट राखलं गेलं. गणपती आला नंतर, सवाई माधवरावांच्या वेळी, १७८४ मध्ये. या तळ्यात पेशवे नावेतून फिरत. सांगतात की गुप्त मसलती नावेतच होत आणि वल्ही मारायला मराठी न समजणारी माणसं ठेवलेली असत. खरंखोटं देव जाणे, पण शहराच्या गलबल्यापासून दूर, मोजक्या माणसांसोबत पाण्यावर जाऊन बसायची हौस पुण्याला तेव्हापासूनची आहे.

त्याच नानासाहेबांनी त्याच दशकात आणखी एक काम केलं. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता. त्याचा बंदोबस्त करायला पुण्याने मुंबईकर इंग्रजांचा हात धरला. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्राच्या बाजूने ॲडमिरल वॉटसनची जहाजं आणि जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज विजयदुर्गाला भिडली. तोफगोळ्यांनी आंग्र्यांच्या एका जहाजाला आग लागली, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या गलबतांवर ती पसरली आणि कान्होजींच्या वेळेपासून उभं राहिलेलं आरमार बंदरातच जळालं. इंग्रजांनी आधी किल्ला बळकावून ठेवला आणि मग त्याच वर्षी बाणकोटच्या बदल्यात पेशव्यांना परत दिला. बाणकोट हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्यामुळे मराठ्यांचं आरमार तिथेच संपलं असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. पेशव्यांचं स्वतःचं आरमार होतं आणि धुळपांनी विजयदुर्गावरून ते पुढे बरीच वर्षं चालवलं. पण समुद्राकडे पुण्याची पाठ फिरली ती फिरलीच. घाटाखालच्या गावांतून माणसं वर येत राहिली, कारकून झाली, सावकार झाली, मास्तर झाली आणि समुद्र त्यांच्या बोलण्यात फक्त गावाकडच्या आठवणीत उरला.

या वर येण्यालाही वाट लागतेच. धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी कर्वे, दापोलीजवळच्या मुरुडचे. १८७५ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, सतरा वर्षांचे असताना, ते एका सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला निघाले. पायी, कुंभार्ली घाटाने, शंभर मैलांहून अधिक. पोचल्यावर त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही, कारण ते वयाने फार लहान दिसत होते. ही गोष्ट शाळेत जिद्दीचा धडा म्हणून सांगतात. मला तिच्यात भूगोल जास्त दिसतो. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणजे कोकणातल्या माणसापुढे घाट आणि स्वतःचे पाय. समुद्र उघडला की मात्र मुंबई जवळ आणि पुणे-सातारा लांब. सह्याद्री ओलांडण्यापेक्षा बोटीत बसणं सोपं होतं, म्हणून रत्नागिरी जिल्ह्याचा पोटापाण्याचा सगळा संबंध मुंबईशी जुळला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या किनाऱ्यावर वाफेच्या बोटी दिसू लागल्या. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन, लोकांच्या तोंडी शेफर्ड कंपनी, हे त्यातलं मोठं नाव. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वदेशीच्या वाऱ्यात एक देशी कंपनी उभी राहिली. तिला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. कंपनीच्या नावात ‘माझी’ हा शब्द लोकांनी घातला, यातच सगळं आलं. तिच्या बोटींची नावं तुकाराम, रामदास अशी. गोऱ्यांच्या बोटीपेक्षा तुकारामात बसणं कुणाला आवडणार नाही?

मुंबईत बोट सुटायची ती भाऊच्या धक्क्यावरून. हा भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. हा धक्का त्यांनीच बांधून घेतला. तिथून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि शेवटी पणजी. प्रत्येक बोट प्रत्येक ठिकाणी थांबे असं नाही, पण ही नावं एका दमात म्हणता येणारी माणसं कोकणात अजून भेटतात, जशी आपल्याला लोकलची स्टेशनं पाठ असतात.

बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागतच नसे. पाणी उथळ, वाळू साचलेली. बोट खोल पाण्यात नांगर टाकून भोंगा द्यायची आणि किनाऱ्यावरून पडाव निघायचे. लाटेने पडाव वर आला की त्या क्षणी शिडी पकडायची. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, वळकट्या, सगळं असंच हातोहात चढायचं-उतरायचं. डेकवर आधी पोचेल त्याची जागा. वळकटी पसरली की तेवढा तुकडा रात्रीपुरता आपला. मुंबईहून सकाळी निघालेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागे.

ही निवांत सुट्टी होती का? मुळीच नाही. ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार मराठीत उगाच आलेला नाही. आपल्या भाषेत आजार होत नाही, वाहन लागतं, आणि घाटातली एसटी लागण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणातल्या माणसाला बोट लागत होती. त्यावर आलेपाक किंवा लिंबू, आणि नजर क्षितिजावर. हे आजही खरं आहे, म्हणून जाता जाता सांगून ठेवतो: लहान बोट मोठ्या बोटीपेक्षा जास्त हलते. जाहिरातीत समुद्र कायम इस्त्री केल्यासारखा दिसतो, त्यावर जाऊ नका.

आणि बोट लागण्यापेक्षा वाईट गोष्टीही होत्या. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी एकाच दिवशी बुडाल्या. वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ च्या सकाळी, ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. जेमतेम दीड तासाचा पल्ला. भर पावसाळा, बोटीवर सातशेच्या आसपास माणसं. काशाच्या खडकाजवळ वारा आणि लाटा वाढल्या, बोट कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. इतक्या जवळ घडूनही मुंबईला कितीतरी तास काही कळलं नाही. वाचले त्यांतल्या अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं होतं. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, म्हणून ही बातमी लवकरच मागे पडली असावी. अलिबागच्या बाजूच्या कितीतरी घरांत मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण क्रूझ निवडताना आपण खोलीची खिडकी विचारतो आणि लाइफजॅकेट विचारत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि माणसं गेली. मुंबईचं तेच बंदर, रामदास बुडाली त्यापासून काही फार लांब नाही. बोटीवर माणसं किती, क्षमता किती, जॅकेट कुठे आहे हे विचारायला लाज वाटायचं कारण नाही. आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न फार महागात पडून शिकावा लागलेला आहे.

स्वातंत्र्यानंतरही बोटी चालू राहिल्या. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं आज साठी-सत्तरीत असलेल्या कुणाही कोकणी माणसापुढे उच्चारून बघा आणि मग तासभर मोकळा ठेवा. गोवा मोकळा झाल्यावर मुंबई-पणजी बोटीला नवे प्रवासी मिळाले. पाठीवर पिशवी अडकवलेले परदेशी हिप्पीही याच डेकवर चाकरमान्यांच्या शेजारी झोपत. गंमत म्हणजे ‘बॉम्बे टू गोवा’ हा सिनेमा आला १९७२ मध्ये, बोट तेव्हा चालू होती, आणि सिनेमा निघाला तो बसवर. सिनेमावाल्यांना वारा बरोबर कळतो. रस्ते होत होते, एसटी गावागावांत पोचत होती आणि माणसाला दारापाशी उतरवणाऱ्या गाडीपुढे, खोल पाण्यात उतरवणाऱ्या बोटीचं काय चालणार? ऐंशीचं दशक संपता संपता ही सेवा थांबली. नव्वदच्या दशकात वेगवान कॅटामरान काही काळ मुंबई-गोवा धावली, तीही टिकली नाही. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला आणि विषयच मिटला.

मिटला, असं आपण समजतो. पण जगात दुसरीकडे असंच झालं तेव्हा काय झालं, ते बघण्यासारखं आहे.

नॉर्वेचा किनारा कोकणासारखाच खाड्यांनी चिरलेला, मागे डोंगर, गावं तुटक. तिथे १८९३ मध्ये टपाल आणि माणसं नेणारी किनारी बोटसेवा सुरू झाली. नाव हुर्टिगरुटेन, म्हणजे झटपट मार्ग. पुढे तिथेही रस्ते आले, विमानतळ आले. पण सरकारने सेवेला पैसे देणं थांबवलं नाही. आजही बर्गेनहून किर्केनेसपर्यंत बोटी जातात आणि चौतीस बंदरांना थांबतात, काही ठिकाणी मध्यरात्री पंधरा-वीस मिनिटंच. एका बाजूने गावचा माणूस पुढच्या बंदराला जायला चढतो, खालून माल उतरतो आणि वरच्या डेकवर बारा दिवसांची फेरी करणारा पर्यटक कॉफी पीत हे बघत असतो. तो पैसे मोजतो तेही याच दृश्याचे. आता त्या बोटी पाचशे-सहाशे माणसांच्या झाल्यात, पण स्वभाव टपालाच्या बोटीचाच राहिला आहे.

एवढं लांब कशाला, केरळ बघा. केट्टुवळ्ळम ही तांदूळ वाहून नेणारी नाव. रस्ते झाल्यावर ती निकामी झाली. मग तिच्यावर खोली बांधली, स्वयंपाकघर आलं आणि हाउसबोट म्हणून ती पुन्हा पाण्यात उतरली. पुण्यातून हनिमूनला गेलेल्या किती जोडप्यांनी त्या तांदळाच्या नावेत रात्र काढली असेल, मोजदाद नाही.

लहान बोटीची निवांत सफर ही अशी, जुन्या कामाच्या बोटीतून उगवते. कामाची बोट मेली की मागे बंदरं मरतात आणि बंदरं मेली की लहान बोटीला थांबायला जागा राहत नाही. कोकणात नेमकं हेच झालं. खाड्या गाळाने भरत गेल्या, पडाववाले आंब्याच्या बागेत किंवा मुंबईत गेले, तिकीटघरांची छपरं बसली. कामाची बोट आणि हौसेची बोट यांच्यामध्ये आपल्याकडे तीस वर्षांचं रिकामं पाणी आहे.

त्या रिकाम्या पाण्यात २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ उतरली. कान्होजींचं नाव, आणि विजयदुर्गापासून खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या प्रवाळ पट्ट्याचंही. जपानी बनावटीची बोट, शंभरएक खोल्या, चारशेच्या आतबाहेर माणसं. म्हणजे पाहिजे तशी लहान. सुरुवातीच्या बातम्यांत कोकणातल्या थांब्यांची मोठी यादी होती. प्रत्यक्षात ती संध्याकाळी मुंबईहून निघे आणि सकाळी गोव्यात पोचे. मुरुड, हर्णै, रत्नागिरी, सगळं रात्रीच्या अंधारात डाव्या हाताला निघून जाई. ज्या विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जळालं, तिथे आंग्रिया नावाची बोट थांबत नव्हती. आता ती धावत नाही. कारणं पैशाची असतील, कोविडची असतील. मला वाटतं, न थांबणारी लहान बोट म्हणजे हलणारं हॉटेल, आणि हॉटेलच हवं असेल तर माणूस मोठं निवडतो.

ते मोठं हॉटेल २०२१ पासून मुंबईहून निघतंच आहे. कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’, १९९० ची बांधणी, दीड-दोन हजार माणसं घेणारी. गोवा, लक्षद्वीप. नाटकं, कॅसिनो, पोहण्याचा तलाव. ज्यांना ते आवडतं त्यांनी जरूर जावं, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. फक्त तिच्यावरून कोकण बघायला मिळेल अशी आशा धरू नये.

मग पुण्याच्या ग्रुपने करायचं काय?

माझं मत असं. बोटीचा आकार नंतर, आधी विचारा की ती कुठे कुठे थांबते, दिवसा थांबते की रात्री, आणि उतरल्यावर गावात पायी फिरण्याइतका वेळ असतो का. परदेशात जाण्याइतके पैसे असतील तर नॉर्वे किंवा क्रोएशियाकडच्या लहान बोटी या कसोटीला उतरतात. नसतील, आणि बहुतेकांकडे नसतातच, तर एक सफर घराजवळ आहे. कुणी तिला क्रूझ म्हणत नाही, म्हणून ती अजून स्वस्त आहे.

२००३ मध्ये दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली. मग इतर खाड्यांवरही झाली. आज ताम्हिणी उतरून कोकणात आलात की आगरदांड्याहून दिघीला राजपुरीची खाडी, पुढे बागमांडल्याहून वेश्वीला सावित्रीची, दापोली करून दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठीची आणि गुहागरनंतर तवसाळहून जयगडला शास्त्रीची, अशा चार खाड्या गाडीसकट बोटीने ओलांडता येतात. प्रत्येक वेळी दहा-वीस मिनिटं. गाडीतून उतरून कठड्याशी उभं राहायचं. शेजारी दुचाकीवर गॅसचा सिलिंडर बांधलेला माणूस, माहेरी निघालेली बाई, मासळीची टोपली. ही बोट तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी आहे आणि तुम्ही तिच्यावर पाहुणे आहात. माझ्या मते यातच तिची मजा आहे. तीन दिवस काढा, घाई करू नका, बोट चुकली तर धक्क्यावर चहा प्या आणि पुढची धरा. भाऊच्या धक्क्यावरूनही मार्च २०२० पासून मांडव्याला रो-रो जाते. रामदास जिथून निघाली तो तोच धक्का, रेवसही तिथून हाकेच्या अंतरावर. पण पुण्याहून अलिबागला जायला कुणी मुंबई गाठत नाही.

२०२५ मध्ये मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गापर्यंत रो-रो नेण्याची घोषणा झाली. बंदराच्या यादीत विजयदुर्गाचं नाव पुन्हा वाचून बरं वाटलं. दुसरीकडे रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाच्या आराखड्यात याच खाड्यांवर पूल आहेत. ते व्हायलाही हवेत. मध्यरात्री कळा सुरू झालेल्या बाईला पलीकडच्या दवाखान्यात नेताना सकाळच्या पहिल्या फेरीची वाट बघणं म्हणजे काय, हे खाडीकाठच्या माणसाला विचारा. पर्यटकाच्या निवांतपणासाठी त्याने पुलाशिवाय राहावं असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पूल झाल्यावर फेरीबोटीही राहतील का, हा मात्र पैशाचा आणि मर्जीचा प्रश्न आहे आणि नॉर्वेने तो आपल्या पद्धतीने सोडवला आहे.

तोवर बागमांडल्याच्या धक्क्यावर गाडी रांगेत लावा. बोट खाडीच्या मध्यावर आली की समुद्राच्या बाजूला, टेकडीवर, बाणकोटचा किल्ला दिसतो. विजयदुर्गाच्या बदल्यात पुण्याने देऊन टाकला तो हाच. तिकीट जपून ठेवा, पलीकडे उतरताना कधी कधी मागतात.